दादांशी बोललेलं पहिलं वाक्य

भिलाईजवळच्या बोरसीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात ऊन खात बसले होते. "काकू, बाबा गेले," एवढंच तो बोलला. नव्वदी ओलांडलेला माणूस, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेला, तेव्हा बातमी काही अचानक आली नव्हती. पण माझं भलतंच झालं. रडू येण्याआधी मला बोलायलाच सुटलं. ऑटोत बसल्यापासून बोरसी येईपर्यंत मी त्या बिचाऱ्या ऑटोवाल्याला हिंदीतून दादांची कहाणी ऐकवत होते... थंडी, ट्रक, धूर, सगळं. माझा मुलगा सुधाकर शेजारी बसून माझा हात दाबत होता, की आई, जरा दम घे. दम कसला घेते! या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही या रिवाजाने मी त्या घरात सून म्हणून आले होते, आणि आता त्यांच्याविषयीचं बोलणं मला आवरत नव्हतं. तेरवी झाल्यावर सुधाकरच म्हणाला, एवढं बोलतेस तर लिहून काढ. म्हणून लिहायला बसले आहे.

यादोराव हे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळी वस्ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात दादाच म्हणत होते. तोंडाने म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे भंडाऱ्याच्या बाजूला, धान पिकवणाऱ्या घरांत, सुनेने भासऱ्यासमोर यायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं तर नाहीच नाही. काही सांगायचं असलं तर मध्ये कोणी तरी लागायचं. कोणीच नसलं तर भिंतीला सांगायचं. "भिंती, सांगजो वं, जेवन झालं." मग दादा भिंतीलाच उत्तर द्यायचे की येतो. हसू नका, खरंच असं चालायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर गंमतच वाटायची. मी सातवी शिकलेली, बोलकी, माहेरी माझ्या बडबडीला सगळे कंटाळलेले. इथे आल्यावर त्या भिंतीनेच माझं सगळं ऐकून घेतलं.

माझं लग्न झालं तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता. 'उभा राहत होता' असं आता म्हणायचं. तेव्हा आम्हाला दिसायचे ते खड्डेच खड्डे, लाल मुरूम आणि त्या खड्ड्यांत उतरणारी माणसं. पण काय दिवस होते ते! भिलाईतल्या पावर हाउसच्या स्टेशनावर गाडी थांबली की पंजाबी, मद्रासी, ओडिया, बिहारी, आमच्यासारखे विदर्भातले, सगळे वळकट्या डोक्यावर घेऊन उतरायचे आणि संध्याकाळपर्यंत कुठे ना कुठे कामाला लागलेले असायचे. एखादा रशियन साहेब रस्त्यात हात जोडून नमस्ते म्हणायचा आणि आम्ही बायका तोंडात पदर कोंबून हसायचो. काल मोकळं होतं तिथे आज लोखंडी खांब दिसायचा. माझे यजमान बांधकामावर फिटरच्या हाताखाली लागले होते आणि दादा एका ठेकेदाराचा डिझेल ट्रक चालवत होते. तो ट्रक आणि मी एकाच महिन्यात त्या घरी आलो. जाऊबाई, म्हणजे दादांची बायको, शेजारणींना सांगायच्या की यंदा आमच्याकडे दोन सुना आल्या, पण मोठीचे लाड जास्त होऊन राहिले. मोठी म्हणजे ट्रक.

हिवाळा आला की या मोठ्या सुनेचे नखरे सुरू व्हायचे. किल्ली फिरवली की गाडी चालू, एवढंच ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगून पटणार नाही. थंडीत ते डिझेल इंजिन आखडून जायचं. दादा पहाटे उठून घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव घ्यायचे आणि इंजिनाखाली सरकवायचे, आतलं ऑइल पातळ व्हावं म्हणून. चुलीवर पाण्याचा हंडा तापत असायचा. जाऊबाईंना वाटायचं तो आंघोळीसाठी आहे, पण तो रिकामा व्हायचा रेडिएटरमध्ये. मग शेजारचा एखादा ड्रायव्हर हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी पेटती चिंधी धरायचा आणि दादा सेल्फ मारायचे. घर्र... घर्र... आणि गप्प. पुन्हा घर्र... सगळी वस्ती अंथरुणात कान देऊन असायची. आणि एकदाची धडधड सुरू झाली की मी दाराआड टाळी वाजवायची, अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशी. मागच्या नळीतून असा पांढराशुभ्र धूर सुटायचा की समोरची खोली दिसेनाशी व्हायची. डोळे चुरचुरायचे, घशात कडवट चव यायची, आणि तरी मला तो क्षण आवडायचा. जणू काही घरातलंच कोणी तरी आजारातून उठलं!

दादा धुरावरून गाडीची तब्येत सांगायचे. पांढरा धूर म्हणजे तिला थंडी वाजते आहे, डिझेल न जळताच बाहेर पडतं आहे. काळा म्हणजे जास्त खाल्लं. निळा म्हणजे ऑइल जळतं आहे, आता ही काम काढणार. नवखे ड्रायव्हर पांढरा धूर दिसला की घाबरून ॲक्सिलेटर दाबायचे आणि धूर दुप्पट व्हायचा. दादा पाय उचलून गाडी हळू चालू ठेवायचे, बिडी पेटवायचे, आणि इंजिन तापत गेलं की धूर आपोआप विरत जायचा. हे ते मला नाही, माझ्या यजमानांना सांगत असायचे. मी पलीकडे भांडी घासत घासत सगळं पाठ करत होते.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या खोल्या चढावर होत्या आणि रस्ता खाली होता. बॅटरीने दगा दिला तर उतारावर लोटून गाडी सुरू करता यावी म्हणून दादा ट्रकचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. म्हणजे शेपूट आमच्याकडे. धुराची नळी नेमकी आमच्या खोलीच्या पत्र्याच्या भिंतीशी यायची, आणि त्या पत्र्यांना फटी किती होत्या ते विचारू नका. एरवी गाडी जराशी तापली की दादा घेऊन जायचे, म्हणून ते खपून जात होतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सुधाकर झाला. माहेरी आई नव्हती, तेव्हा बाळंतपण भिलाईतच झालं. सासूबाई गावाहून यायच्या होत्या, पण धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत, अडकल्या होत्या. शेजारच्या खोलीतली सुकवारो रोज सकाळी बाळाला तेल लावायला यायची. ती जवळच्याच खेड्यातली, बांधकामावर गिट्टी उचलायला जायची. मराठी तिला कळायची, बोलायची मात्र छत्तीसगढी. मी त्या बंद खोलीत खाटेवर, खाटेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि वावडिंगाची धुरी. दाराच्या फटींना पोती लावलेली, कारण बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो.

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की दारातून हात बाहेर काढला तर बोटं दिसू नयेत. यजमान कामावर गेलेले, जाऊबाई नळावर. दादांनी गाडी सुरू केली, पण धुक्यामुळे निघता येईना. आणि बंदही करता येईना, कारण त्या थंडीत बंद केली तर पुन्हा गोवऱ्या, पुन्हा हंडा, आणि त्या दिवशी साइटवर मोठी ढलाई होती. सिमेंटची ढलाई एकदा सुरू झाली की थांबवत नाहीत, आणि ठेकेदाराच्या मुन्शीने बजावून ठेवलं होतं की ज्याची गाडी वेळेवर लागणार नाही त्याने दुसऱ्या दिवशी येऊच नये. म्हणून दादा गाडी हळू चालू ठेवून पुढच्या बाजूला उतारावर दोघा-तिघांसोबत विस्तव शेकत उभे होते. त्यांच्या मते सगळं बरोबर चाललं होतं.

आत मला आधी वाटलं की धुरीच जास्त झाली. मी उठून शेगडीवर पाणी शिंपडलं. धूर कमी होईना. बाळ खोकायला लागलं, आणि मग मला वासावरून कळलं की हा ओव्याचा वास नाही, हा मोठ्या सुनेचा वास आहे. सुकवारो तेलाची वाटी घेऊन नुकतीच आली होती. मी तिला म्हटलं, जा, दादांना सांग की घरात धूर भरला. दुसरं कोण सांगणार? मी तर सांगू शकत नव्हते. ती धावत गेली. ती काय बोलली ते मला नंतर समजलं. ती तिच्या बोलीत म्हणाली, "भइया, घर मा कुहरा भर गे हे. लइका खाँसत हे."

दादांना छत्तीसगढी नव्हती येत, त्यांची साइटवरची हिंदी होती. आणि हिंदीत कुहरा म्हणजे धुकं! समोर धुकं, बोलण्यात धुकं. त्यांनी काळजीनेच निरोप दिला की कुहरा आहे तर दरवाजा घट्ट बंद करा, बच्चे को हवा मत लगने दो. सुकवारोने त्यातलं दार घट्ट बंद करा एवढंच मला येऊन सांगितलं आणि पाण्यासाठी नळावर गेली. मी ऐकलं ते असं, की घरात धूर भरलाय हे भासऱ्यांना कळलं आहे आणि ते म्हणतात दार बंद करा. एवढा गाडीतला जाणता माणूस सांगतो म्हणजे त्यात काही तरी असेलच... मी दार लावलं. उंबऱ्यापाशी सरकलेलं पोतं पुन्हा नीट बसवलं. माझ्या हातांनी बसवलं.

सुधाकर खोकून खोकून रडला, मग नुसताच खोकला, आणि मग तेही थांबलं. त्याची मान माझ्या दंडावर लोंबली. ओठांचा रंग बघितला आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, भासरे, पदर, वारा, बाळंतीण, भिंत, सगळं. दार उघडलं आणि त्याला छातीशी धरून मी धुक्यात पळत सुटले. पदर कुठे गेला, पायात काही आहे की नाही, देवाला ठाऊक. ट्रकला हात लावत लावत पुढे गेले, विस्तवाचा लाल डाग दिसला, त्यापाशी दादा दिसले, आणि मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहून म्हटलं,

"दादा, गाडी बंद करा. पोरगं मरून राहिलं."

हे माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य. त्यांनी काहून, कसं, काही विचारलं नाही. एका झेपेत केबिनमध्ये चढले आणि जी गाडी बंद करायची नव्हती ती बंद केली. एकदम शांत झालं. मग खाली उतरून त्यांनी बाळाला माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं, पाठ चोळली, त्याच्या तोंडावर फुंकर घातली. थंड, ओलं धुकं, ज्याला सगळे शिव्या देत होते, तेच त्या लेकराच्या नाकातोंडात गेलं. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. आणि मग तो खोकला, आणि असा रडला, असा रडला की नळावरच्या बायका बादल्या टाकून धावत आल्या. अजूनही नातवंडं रडली की घरात सगळे वैतागतात आणि मला मात्र बरं वाटतं, ते त्या दिवसापासूनच.

सुकवारो आल्यावर उलगडा झाला. दादा तिला रागाने नाही, समजून घ्यायला विचारत होते की तू कुहराच म्हणाली होतीस ना? ती म्हणाली, हो, कुहरा म्हणजे कुहरा, "चूल्हा ले निकलथे तेन कुहरा." चुलीतून निघतो तो. एक पंजाबी ड्रायव्हर हसायला लागला आणि मधेच थांबला. दादा ट्रकच्या चाकापाशी खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच दार लावाले सांगतलं." त्या दिवशी ते ढलाईला उशिरा पोहोचले, मुन्शीने आरडाओरडा केला, पण ड्रायव्हर कमी आणि खेपा जास्त होत्या, म्हणून गाडी हातची गेली नाही.

चार दिवसांनी सासूबाई आल्या. मी नातवाला त्यांच्या मांडीवर द्यायच्या आधीच त्यांना बातमी लागलेली, की सून भासऱ्यासमोर उघड्या डोक्याने आली आणि वर बोलली. त्यांचा चेहरा मी बघत होते. आता गावी परत पाठवतात की काय, असं मला वाटून गेलं. दादा दारात जोडे काढत होते. ते आईला म्हणाले, "माय, ते बोलली नसती तं तू कोनाले पाहाले आली असती? आता ह्या घरात भिंतीले कोनी काही सांगाचं नाही." आणि मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच माझ्याकडे वळून, "बोलली तं आता बोलतच जाय, बाई." सासूबाईंनी हात पुढे केले आणि मी बाळ दिलं.

त्यानंतर दादांनी जे केलं त्याची वस्तीत फार मजा झाली. त्यांनी ट्रक उलटा लावायला सुरुवात केली, तोंड घराकडे, शेपूट रस्त्याकडे, धूर खाली मोकळ्या रानात. बाकीचे ड्रायव्हर टिंगल करायचे की यादोराव गाडीला घरचं तोंड दाखवतो, आता बॅटरी बसली की कळेल. आणि एका थंड सकाळी बॅटरी बसलीच! सगळे बघायला गोळा झाले. मीही आले, दारात, उघड उघड. दादांनी रिव्हर्स गिअर टाकला, क्लच दाबून ब्रेक सोडला, गाडी शेपटीकडून उतारावर सरकायला लागली, बायका किंचाळत बाजूला झाल्या, आणि अर्ध्या उतारावर त्यांनी क्लच सोडला. एक हिसका बसला, धाडकन आवाज झाला, आणि पांढरा धूर असा रानात पसरला की तिकडची बाभळ दिसेनाशी झाली. मी टाळी वाजवली, मोठ्याने, सगळ्यांसमोर. दादा केबिनमधून खाली वाकून हसत होते. पुढच्या महिनाभरात ओळीतल्या प्रत्येक बाईने आपल्या घरच्या ड्रायव्हरला गाडी फिरवून लावायला लावली.

आणि एक सवय त्यांना लागली ती लागलीच. गाडी सुरू करायच्या आधी दारापर्यंत यायचे आणि विचारायचे, "बाई, चालू करू?" मी आतून "करा" म्हणायची, मगच सेल्फ. दोघा भावांना कारखान्यात पक्की नोकरी लागून सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आलो, दोन घरं शेजारी शेजारी, तिथे त्यांची मोटारसायकल आली, तरी तेच. सुधाकर शाळेला जाताना त्यांच्या मागे बसलेला, आणि दादा फाटकाशी उभे, माझं उत्तर ऐकायला. एकदा तर सायकल काढून बाजारात निघाले आणि सवयीने विचारते झाले. मी म्हटलं, "दादा, सायकलीचा कुठं धूर निघते?" स्वतःशीच हसत निघून गेले. पुढे बोरसीला त्यांनी घर बांधलं आणि आम्ही सेक्टर दोनमध्येच राहिलो, तेव्हा मला वाटलं आता सुटले. पण आमच्याकडून परत जाताना स्कूटरवर बसायच्या आधी ते पुन्हा पायऱ्या चढून दारापर्यंत यायचे. म्हातारपणी गुडघे दुखायचे तरी. जाऊबाई फाटकाशी उभ्या राहून ओरडायच्या की किती उशीर करता, आणि मी त्यांना उगाच थोडा वेळ ताटकळत ठेवून मग "करा" म्हणायची.

आम्ही एकमेकांशी पुढे खूप बोललो. भांडलो सुद्धा, सुधाकरच्या लग्नात मानपानावरून तर कडाक्याचं. जाऊबाई आणि माझे यजमान पुढेमागे गेले तेव्हा आम्हीच एकमेकांना आग्रह करकरून जेवायला बसवलं. पण त्या सकाळविषयी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही. जे होतं ते त्या एका प्रश्नात होतं, असं मी समजते.

त्या दिवशी बोरसीला शववाहिनी आली ती जुनी डिझेलची होती. तिरडी चढवायला सोपं जावं म्हणून ड्रायव्हरने तिचं शेपूट दाराशी लावलं होतं. हवेत गारवा होता. दादांना आत ठेवलं, मुलं चढून बसली, आम्ही बायका उंबऱ्याशी उभ्या होतो. ड्रायव्हरचा हात किल्लीकडे गेला आणि सुधाकरने काचेवर थाप मारून त्याला थांबवलं. मग तो फिरून दारापर्यंत आला. साठी उलटलेला माझा मुलगा, डोळे लाल झालेले. त्याला मी ती सकाळ सांगितली होती, पण हे कर असं कधीच सांगितलं नव्हतं.

"आई, चालू करू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं हातातलं काम न थांबवता दिलेलं उत्तर... ते येईना. पोळपाटावरून, खाटेवरून, आंघोळीच्या मोरीतून दिलेलं. ते दिलं नाही तर गाडी निघणार नाही, एवढंच मला कळत होतं, आणि ती निघू नये असंही वाटत होतं. सुधाकर वाट बघत उभा राहिला.

मुलाला मी आयुष्यात कधी अहोजाहो केलेलं नाही. त्याच्या खांद्यावरून गाडीच्या आत बघत मी म्हटलं, "करा."